विंडो पीरियड (हिपॅटायटिस चाचणी)
विषाणू शरीरात शिरल्यापासून लागण चाचणीत दिसू लागेपर्यंतचा काळ. या काळात अहवाल निगेटिव्ह आला, तरी लागण नाही असे म्हणता येत नाही.

हिपॅटायटिस बीचे पृष्ठ-प्रतिजन (एचबीएसएजी) साधारण चार आठवड्यांनी रक्तात सापडते. कधी नऊ आठवडेही लागतात. हिपॅटायटिस सीची प्रतिपिंडे ८ ते ११ आठवड्यांनी दिसतात, आरएनए चाचणी मात्र एक-दोन आठवड्यांतच लागण पकडते.

लागण उशिरा कळल्याचे एक उदाहरण म्हणजे अभिनेते अमिताभ बच्चन. ते १९८२ मध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणात जखमी झाले. तेव्हा चढवलेल्या रक्तातून बीची लागण झाली आणि ती कित्येक वर्षांनी कळली, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. एवढ्या प्रसिद्ध माणसाने हे लपवले नाही, याचे मोल मोठे आहे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना हिपॅटायटिससाठी सदिच्छादूत नेमले.

कूपर किंवा राजावाडीसारख्या रुग्णालयात परिचारिकेला वापरलेली सुई टोचली, तर जखम साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये. त्याच दिवशी पहिली चाचणी करतात. ती फक्त आधीची स्थिती दाखवते. लस घेतलेली नसेल आणि रुग्णाला बी असेल, तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) शक्यतो २४ तासांत द्यावे लागते. इथे अहवालाची वाट पाहत बसणे धोक्याचे. सीवर लस नाही. म्हणून ३ ते ६ आठवड्यांनी आरएनए आणि ४ ते ६ महिन्यांनी प्रतिपिंड चाचणी करतात. लागण निघालीच, तर २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात औषधे मोफत मिळतात.