बासष्ट सालच्या तीन कादंबऱ्या

मराठी कादंबरीच्या इतिहासात १९६२ हे साल विशेष लक्ष वेधून घेते. श्री. ना. पेंडसे यांची 'रथचक्र', रणजित देसाई यांची 'स्वामी' आणि शरच्चंद्र मुक्तिबोध यांची 'सरहद्द' या तिन्ही कादंबऱ्या त्या एकाच वर्षी प्रसिद्ध झाल्या. 'रथचक्र'ला १९६३ चा आणि 'स्वामी'ला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'सरहद्द' मात्र उत्कृष्ट कादंबऱ्यांच्या चर्चेत अभावानेच आढळते. 'उत्कृष्ट' या शब्दामागे त्या काळी कोणत्या कसोट्या उभ्या होत्या, हे या एका वर्षावरून पडताळून पाहता येईल.

त्या दशकातील वाद सर्वश्रुत आहे. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'ला १९६० चा अकादमी पुरस्कार मिळाला होता. उदात्त विषय, संस्कारित भाषा आणि चिंतनाची बैठक ही श्रेष्ठतेची लक्षणे मानणारा मोठा वाचकवर्ग 'ययाति' आणि 'स्वामी' यांच्या बाजूस होता. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आली आणि तरुण वाचकांनी या लक्षणांनाच आव्हान दिले. नेमाड्यांनी पुढे समीक्षक म्हणून मराठी कादंबरीची परंपरा 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' या तीन मूळ प्रवृत्तींत विभागली व पहिलीच्या पारड्यात आपले वजन टाकले. ज्या संस्थेने साठोत्तर काळाच्या आरंभी 'ययाति' आणि 'स्वामी' यांचा गौरव केला, तिनेच सुमारे तीन दशकांनी नेमाड्यांच्या 'टीकास्वयंवर'चाही गौरव केला. याला विसंगती म्हणण्याचे कारण नाही. श्रेष्ठतेचा निर्णय पुनर्विचारास खुला असतो, एवढेच त्यातून सिद्ध होते.

परंतु पुनर्विचारासाठी ग्रंथ आधी विचारात घेतलेला असावा लागतो. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० ची. तिच्यातील कौतिक आणि 'रथचक्र'ची नायिका या दोघीही प्रतिकूल संसारातून मुलांना वर काढू पाहणाऱ्या माता. एकीची भूमी वऱ्हाड, दुसरीची कोकण. विषयाचे इतके साम्य असता या दोन कृतींची शेजारी ठेवून तुलना होणे स्वाभाविक होते. पुरस्कार 'रथचक्र'ला मिळाला, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पेंडशांची रचना भक्कम आहे. पण 'धग'ची बोली ही तिची मर्यादा की तिचे सामर्थ्य, हा प्रश्न त्या तुलनेत कसोशीने तपासला गेला असता, तर वादाची पातळी उंचावली असती.

प्रस्तुत लेखकाचे बालपण भिलाईत गेले. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली, आणि कामाच्या ओढीने नागपूर-वऱ्हाडाकडून अनेक मराठी कुटुंबे या भागात आली. तत्पूर्वी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर हे जिल्हे एकाच राज्यात होते, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे सीमा बदलली. पुस्तके मात्र नागपूरहूनच येत राहिली. आमच्या घरी वडीलधारी मंडळी 'स्वामी' श्रेष्ठ की 'कोसला', यावर रात्री उशिरापर्यंत वाद घालीत. त्या वादात कधी तोंड न उघडणाऱ्या शेजारच्या एका काकूंनी 'धग' दोनदा वाचायला नेली. कारण विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "आमच्या माहेरी असंच बोलतात." त्यांचे मत कोणी विचारात घेतल्याचे मला स्मरत नाही.

भिलाईपासून जवळच राजनांदगाव आहे. तेथील दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध अध्यापन करीत होते. १९६४ मध्ये ते निवर्तले. हिंदी काव्यात युगप्रवर्तक ठरलेल्या या कवीची मातृभाषा मराठी, आणि त्यांचे धाकटे बंधू म्हणजे 'सरहद्द'चे लेखक शरच्चंद्र. 'क्षिप्रा' (१९५४), 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथे' (१९६९) या कादंबरीत्रयीत त्यांनी बिशू या नायकाची वैचारिक जडणघडण चितारली आहे. माझ्या ओळखीच्या हिंदी वाचकांना थोरल्या मुक्तिबोधांची पाने मुखोद्गत आहेत; धाकट्यांची ही त्रयी मात्र त्यांना नावानेही ठाऊक नाही. अनुवादकाला या अज्ञानाचे कारण समजते. कोणते पुस्तक दुसऱ्या भाषेत न्यावे, हे बहुधा 'उत्कृष्टां'च्या यादीवरून ठरते. यादीबाहेर राहिलेली कृती मग दोन्ही भाषांतील वाचकांना दुरावते.

यावर असा आक्षेप संभवतो की, आपल्या परिसराची ओळख पटणे म्हणजे वाङ्मयीन श्रेष्ठता नव्हे. आक्षेप योग्य आहे. 'सरहद्द'मध्ये विचारांचा भार कथनाला अनेकदा दडपून टाकतो, हे मलाही मान्य आहे, आणि 'स्वामी'तील माधवराव-रमाबाईंच्या शोकात्म नात्याची पकड तिला साधलेली नाही. परंतु तुलना करून डावलणे वेगळे आणि तुलनेलाच न घेणे वेगळे. पहिल्या बाबतीत निर्णय चुकला तर तो दुरुस्त करता येतो. दुसऱ्या बाबतीत निर्णय झालेलाच नसतो, म्हणून दुरुस्त तरी काय करणार?

बासष्ट सालच्या या तिन्ही कादंबऱ्या, आणि त्यांच्या जोडीला 'धग' व 'कोसला', आज एकत्र वाचल्या जाव्यात. निष्कर्ष कदाचित जुनाच निघेल. मात्र त्या वेळी तो वाचून काढलेला असेल, आणि त्या वाचनात काकूंचेही मत विचारले गेलेले असावे.