मृगसाल आणि पृथ्वीचा आस

औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, छावणी मागे टाकून दौलताबादेकडे निघाले की वाटेत पडेगाव लागते. आणि जुन्या महसुली कागदांत ज्याचे थोडेबहुत आयुष्य गेले आहे अशा मनुष्याला या वाटेवर किल्ल्याच्या खंदकाची व तटबंदीची आठवण होण्याआधी एका सनाची आठवण होते. ज्या महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी या किल्ल्याच्या पायथ्याशी आणली, त्याच्याच कारकिर्दीत शुहूर सनाचे मूळ पडते. हिजरी ७४५ चा मोहरम १५ मे १३४४ रोजी लागला, आणि तेथून पुढे दख्खनच्या शेतसाऱ्याचा हिशेब चंद्राच्या हातून काढून सूर्याच्या हाती देण्यात आला.

तसे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असून त्याला अधिक मासाची तोड नाही. त्यामुळे त्याचे महिने तेहेतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून एक फेरी पुरी करतात, आणि एखाद्या ठरीव महिन्यात जमाबंदी करू म्हटले तर कधी खळ्यावर रास पडलेली असताना आणि कधी तिफणही बाहेर निघालेली नसताना रयतेच्या दारात सरकारी माणूस उभा राहावयाचा. म्हणून सनाचा आकडा हिजरीचाच ठेवून वर्ष मात्र सौर धरले गेले, आणि सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो त्या दिवशी ते सुरू होऊ लागले. मराठी दप्तरांत हेच मृगसाल. पेशवाईतल्या मोडी कागदांवर इसन्ने, सलास, अर्बा, खमस अशी जी अरबी संख्यावाचके ओळीने भेटतात ती याच सनाची. पुढे १६३६ साली शहाजहानने दख्खनेत फसली सन चालू करताना त्या वर्षीचा हिजरी आकडा १०४६ उचलला. परंतु शुहूर सन त्या वर्षी १०३७ वरच होता, कारण मधल्या २९२ सौर वर्षांत चंद्राने ३०१ वर्षे उरकून टाकली होती. फसली आणि शुहूर यांतले नऊ वर्षांचे अंतर, ज्यापायी नवख्या वाचकाची तारीख हटकून चुकते, ते एवढ्यानेच उत्पन्न झाले. निजामी अमदानीत फसलीचा आरंभ आजूर महिन्याने, म्हणजे ऑक्टोबरात, होऊ लागला. कुणब्याचे वर्ष मात्र मृगाचेच राहिले.

योजना शहाणपणाची होती, तथापि तिच्या पायातच एक फट होती. पाऊस सूर्याच्या उत्तर-दक्षिण गमनावर अवलंबून असतो, ताऱ्यांवर नव्हे. आणि हे दोन हिशेब कायमचे एकमेकांशी बांधलेले नाहीत. ते का नाहीत, याचे उत्तर मुलांच्या हातातल्या भोवऱ्यात आहे.

फिरत्या वस्तूच्या ठायी जो कोनीय संवेग असतो त्याला परिमाणाप्रमाणेच दिशाही असते, आणि ती दिशा आसाची. भोवरा कलला म्हणजे गुरुत्वाकर्षण त्याला उलथवू पाहते. हे उलथवणारे परिबल ज्या आडव्या रेषेभोवती काम करते ती रेषा कलण्याच्या पातळीशी काटकोनात असते. संवेगात क्षणोक्षणी पडणारी भर याच रेषेच्या दिशेने पडते, भोवरा ज्या बाजूला कलला त्या बाजूने नव्हे. आणि ती भर मूळ संवेगाला लंब असल्यामुळे त्याचे मान वाढत नाही, केवळ त्याचा रोख वळतो. म्हणून आसाचे टोक खाली न येता बाजूला सरकते, सरकल्या जागी पुन्हा तोच न्याय लागू होतो, आणि अशा रीतीने आस एक शंकू रेखाटीत राहतो. थांबलेल्या भोवऱ्यापाशी वळविण्याजोगा संवेगच नसतो. परिबलाने निर्माण केलेला संवेग हाच त्याचा सारा संवेग, आणि तो पडण्याचाच. फिरत्याचा संवेग जितका मोठा तितके हे सरकणे मंद. भोवऱ्याचा वेग उतरू लागला की त्याचे डोके झपाट्याने गरगरते ते याचमुळे. शास्त्रीय परिभाषेत या सरकण्याला परांचन म्हणतात. १८५२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ फूको याने पृथ्वीचे परिवलन दाखविण्यासाठी जी घूर्णी (जायरोस्कोप) रचली, व जिच्या वंशजांनी पुढे जहाजांना व विमानांना दिशा दाखविली, तीही याच नियमाची अंकित आहे.

पृथ्वी हीसुद्धा अशीच एक घूर्णी. तिचा विषुववृत्तीय व्यास १२,७५६ किलोमीटर आणि ध्रुवीय १२,७१४. म्हणजे कमरेशी ती काहीशी फुगलेली आहे, आणि तिचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. चंद्र-सूर्य या फुगवट्याच्या जवळच्या बाजूला अधिक आणि दूरच्या बाजूला कमी ओढतात, त्यांतून आस सरळ उभा करू पाहणारे एक परिबल उत्पन्न होते, आणि त्यात चंद्राचा वाटा सुमारे दोन तृतीयांश. भोवऱ्याला गुरुत्वाकर्षण पाडू पाहते, पृथ्वीला हे परिबल उभे करू पाहते. म्हणूनच पृथ्वीचे परांचन तिच्या परिवलनाच्या उलट दिशेने होते. गतीही अतिमंद: वर्षाला ५०.३ विकला, एक अंशाला जवळजवळ बहात्तर वर्षे, पूर्ण फेऱ्याला सुमारे २५,८०० वर्षे. परिणाम असा की संपात, म्हणजे दिवस-रात्र समान करणारा सूर्यमार्गावरील बिंदू, ताऱ्यांतून मागे सरकत राहतो, आणि सूर्य संपातावर परत येतो तो त्याच ताऱ्यापाशी पोहोचण्याच्या वीस मिनिटे आधी. आणि हीच वीस मिनिटे साठत जाऊन सत्तर-एकाहत्तर वर्षांत नक्षत्रांचा सूर्यप्रवेश ऋतूंच्या मानाने एक दिवस पुढे ढकलतात. याचे कारण न्यूटनने १६८७ साली सांगितले, आणि दालांबेर याने १७४९ साली ते गणिताने पक्के केले.

कारण ठाऊक नसले तरी संपाताचे हे चलन आपल्याकडे ठाऊक होते. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणीत पूर्वीच्या मुंजाल या ज्योतिषाचे या अयनचलनाविषयीचे मत दिले आहे. आणि त्यांचा नातू चांगदेव हा तर याच देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, सिंघण यादवाचा ज्योतिषी. पुढे १५२० सालच्या ग्रहलाघवात गणेश दैवज्ञांनी शके ४४४ मध्ये हे चलन शून्य मानून दर वर्षी एक कला असा सुटसुटीत हिशेब घालून दिला. तो खऱ्यापेक्षा थोडा वेगवान आहे, परंतु हाताने गणित करणाऱ्या जोशांना तो सोयीचा होता, आणि सोय ही पंचांगात पुष्कळदा सत्यावर मात करते.

इंग्रज अभ्यासक सीवेल व ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली मृगप्रवेश ५-६ जूनचा नोंदविला आहे. आज तो ७-८ जूनला येतो. तुघलकाच्या वेळी, आजच्या कालगणनेने, तो मेच्या अखेरीस पडत असे. संक्रांतीचीही तीच कथा. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपताला आपण संक्रांतीचा दिवस म्हणतो खरे; पण त्या वर्षी सूर्य मकरेत शिरला तो १० जानेवारीच्या सुमारास, लढाईच्या तीनचार दिवस आधी.

एकोणिसाव्या शतकात यावरून पंचांगवाद पेटला. केरूनाना छत्रे यांनी रेवतीचा योगतारा राशिचक्राचे आरंभस्थान धरून १८६५ पासून पटवर्धनी पंचांग चालविले. त्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी तोच पक्ष घेतला, आणि मृगातील प्राचीन संपातावरून वेदांचे वय ठरविणारा ‘ओरायन’ १८९३ साली लिहिला. व्यंकटेश बापूजी केतकर चित्रा पक्षाचे, म्हणजे चित्रा ताऱ्यावरून आरंभस्थान ठरविणारे. दोन पक्षांत अंतर सुमारे चार अंशांचे, म्हणून टिळक पंचांग पाळणाऱ्या घरी संक्रांत आजही १० जानेवारीलाच येते. लेले, मोडक आणि दीक्षित हे सायनवादी. ते तारे सोडून ऋतू धरा म्हणत, आणि माझ्या मते शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यांचेच म्हणणे खरे होते, पण रूढीने त्यांना साथ दिली नाही.

पुढे स्वातंत्र्यानंतर शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील समितीने, जिच्यात नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि केसरीचे ज. स. करंदीकर होते, ऋतुनिष्ठ राष्ट्रीय पंचांग दिले व ते २२ मार्च १९५७ पासून अमलात आले. त्याचा आषाढ सदैव २२ जूनला लागतो. मराठवाड्यातला कुणबी मात्र अजून मृगाचे वाहन बेडूक की म्हैस तेच विचारतो. प्राचीन ज्योतिर्विद वराहमिहिराच्या काळी जूनच्या आरंभी सूर्य आर्द्रांत शिरत असे, आज तो त्या दिवसांत मृगात शिरतो. आणि आणखी हजार वर्षांनी मृग २२ जूनच्या सुमारास लागू लागेल, तेव्हा तिफण बाहेर काढण्याचे नक्षत्र रोहिणी असेल.