फलटणचा ऊस आणि हुमणीचा भुंगेरा

फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे १९३२ साली ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले. उसाची मुळे कुरतडणारी हुमणी ही या पिकाची जुनी वैरीण. ‘होलोट्रिकिया सेराटा’ या भुंगेऱ्याची ती अळी होय. ऊस वाळू लागल्यावर ती शेतकऱ्यास दिसते, परंतु तोवर इलाजाची वेळ टळलेली असते. जमिनीत बी. एच. सी. भुकटी मिसळणे हा एकेकाळी प्रचलित उपाय होता; १९९७ मध्ये भारतात तिच्यावर बंदी आली. किडीचे खरे मर्म तिच्या जीवनक्रमात आहे. वर्षात पिढी एकच. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे सायंकाळी जमिनीतून निघून बाभूळ व कडुनिंबावर जमतात. तेव्हाच साऱ्या गावाने ते वेचले पाहिजेत. एकट्याचे शेत राखून ऊस राखला जात नाही.