बंदी आलेल्या आईची लेक

गुए ब्लां हे नाव वाईनच्या बाटलीवर सहसा सापडत नाही. मध्ययुगीन फ्रान्समध्ये ही शेतकऱ्यांनी हलक्या जमिनीत लावलेली द्राक्षवेल. पीक भरपूर, वाईन मात्र सुमार, म्हणून तिच्यावर वेळोवेळी बंदी आली. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या कॅरोल मेरेडिथ आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी जुन्या द्राक्षजातींचा डीएनए तपासला, तेव्हा शार्दोने या वाईनच्या द्राक्षजातीचे जन्मदाते सापडले. एक पिनो, फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताची मानाची जात. आणि दुसरी ही गुए. यातली आई गुएच, हे दहाएक वर्षांनी दुसऱ्या संशोधनाने दाखवलं. जगभर लावलेल्या या लेकीला नाव मिळालं ते बर्गंडीतल्या शार्दोने या लहानशा गावाचं. आईचं नाव विस्मृतीत गेलं, याची मला हळहळ वाटते.

शार्दोनेला स्वतःचा उग्र सुगंध नाही. हिरवं सफरचंद, लिंबू, ऊन देशात पिकली तर अननस. म्हणून ती लाकडाचा गुण चटकन घेते. बर्गंडीचं ओकचं पिंप २२८ लिटरचं असतं, आतून विस्तवावर भाजलेलं. नव्या पिंपातून व्हॅनिला आणि धुराचा वास उतरतो. १९८०-९० च्या दशकांत कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलियात तो इतका चढवला गेला की फळ हरवलं आणि लोक कंटाळले. आता बरेच वाईनकार वाईनचा थोडाच भाग पिंपात ठेवतात, तोही दोन-तीन हंगाम वापरलेल्या पिंपात; बाकीची स्टीलच्या टाकीत. लाकूड मागे उभं राहतं. मला हीच रीत योग्य वाटते.

आपल्याकडे ही वेल सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या आसपास रुजली. मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरच्या भावांनी तिथे ‘फ्रातेल्ली’ ही वाईनरी उभी केली. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थच ‘भाऊ’. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबरच्या सुमारास होते, आपल्याकडे हिवाळ्याच्या अखेरीला. ऊन वाढलं की द्राक्षातली आंबटी झपाट्याने उतरते, म्हणून तोडणीचा दिवस साधणं फार महत्त्वाचं.

आणि आमच्या भंडाऱ्यात तिच्यासोबत काय खावं? इथे कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी तळी खोदली, त्यांवर धान पिकलं, ढिवरांनी त्यांतली मासळी घरोघरी पोचवली. विदर्भाचा लालभडक रस्सा या वाईनला नको. अल्कोहोलने तिखटाची आग वाढते आणि फळाची चव जिभेवर उरतच नाही. मरळ किंवा रोहूचे तुकडे घ्यावेत, हळद-मीठ-लिंबू लावून तांदळाच्या पिठात घोळवावेत आणि कुरकुरीत तळावेत. वाईनची आंबटी तेलकटपणा कापते. ओकचा भाजका वास तळलेल्या पिठाशी जुळतो. तळ्यातले झिंगे लसणावर परतले, मिरची आवरली, तरी छान.

भात चिन्नोरचाच. भंडाऱ्याच्या या सुवासिक तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गरम भातावर साजूक तुपाची धार सोडली की शार्दोनेतला लोण्याचा गुण लगेच ओळखू येतो. आंबवताना सफरचंदातलं तीव्र आम्ल दुधातल्या सौम्य आम्लात बदलतं, तेव्हा तो येतो.

मे महिन्यात बाटली फ्रिजमधून काढून दहा मिनिटं तशीच ठेवावी. फार गार असली तर वास मिटून राहतो. तेवढ्या वेळात मासळीचा दुसरा घाणा तळून होतो.