एक अष्टमांश इंचाचा इतिहास

१/ ‘.४४ स्पेशल’ आणि ‘.४४ मॅग्नम’. रिव्हॉल्व्हरची ही दोन काडतुसे शेजारी उभी केली, तर गोळीचा व्यास तोच, तळाची कडाही तीच. दुसऱ्याची पितळी पुंगळी मात्र एक अष्टमांश इंचाने लांब आहे. या फरकामागे काडतुसे हाताने भरणाऱ्यांचा तीस वर्षांचा अनुभव आहे.

२/ एकोणिसाव्या शतकात काडतुसात काळी दारू असे. पुंगळी काठोकाठ भरावी लागे, त्यामुळे चुकून दुप्पट दारू भरणे जवळपास अशक्य होते. पुढे धूरविरहित दारू आली. ती कितीतरी अधिक शक्तिशाली. थोडीशीच पुरे होई आणि पुंगळीत बरीच जागा रिकामी राही. चुकीला वाव मिळाला तो या रिकाम्या जागेत.

३/ एल्मर कीथ हा अमेरिकेतील आयडाहोचा पशुपालक आणि शस्त्रविषयक लेखक. ४ जुलै १९२५ रोजी, स्वातंत्र्यदिनी बार काढताना, त्याचे .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हर हातातच फुटले. काडतुसांत रायफलीची जड गोळी भरलेली होती. चक्राचा वरचा भाग उडून गेला; कीथ बचावला.

४/ यानंतर तो .४४ स्पेशलकडे वळला. चक्र तेवढेच, पण त्यातील घरे किंचित अरुंद. म्हणून भोवतीची पोलादी भिंत अधिक जाड. ताकद वाढवायची तर आधी ती सोसणारे पोलाद हवे, हा त्यामागील हिशेब.

५/ काडतूस भरणाऱ्यांची रीत या काळात पक्की होत गेली. दारू कमी प्रमाणापासून सुरू करायची, प्रत्येक माप तोलायचे आणि थोडेथोडे वाढवत जायचे. रिकामी पुंगळी घरातून सहज सुटेना, किंवा प्रायमर चपटा झाला, की माघार घ्यायची. ही लक्षणे उशिरा दिसतात. म्हणून प्रसिद्ध झालेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही.

६/ नेम साधण्यासाठी निव्वळ जोर पुरत नाही. प्रत्येक बाराचा वेग सारखा हवा आणि गोळी नळीच्या मापाची हवी. रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक अडचण असते: धक्क्याने उरलेल्या काडतुसांतील गोळ्या पुढे सरकतात आणि चक्र अडते. कीथने आखलेल्या शिशाच्या गोळीला म्हणूनच खोल खाच होती. पुंगळीचा काठ तीत घट्ट दाबून बसवता येई.

७/ असे जोरकस काडतूस कारखान्याने काढावे, म्हणून कीथ वर्षानुवर्षे लिहीत राहिला. अडचण उघड होती. नवी रिव्हॉल्व्हरे तो दाब सोसतील. पण तेच काडतूस कुणी आजोबांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घातले तर?

८/ उत्तर १९३५ मध्येच सापडले होते. ‘.३५७ मॅग्नम’ काढताना त्याची पुंगळी ‘.३८ स्पेशल’पेक्षा लांब ठेवली गेली. स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी १९५५-५६ मध्ये ‘.४४ मॅग्नम’ आणले, तेव्हा तोच मार्ग धरला. लांब काडतूस जुन्या .४४ स्पेशल रिव्हॉल्व्हरच्या घरात पुरते बसतच नाही.

९/ जी सावधगिरी माणसाच्या स्मरणावर अवलंबून होती, ती धातूच्या लांबीत उतरली. मात्र हे संरक्षण कारखान्यातील काडतुसापुरतेच आहे. आखूड पुंगळीत मॅग्नमच्या जोराची दारू भरणाऱ्याला ती लांबी अडवू शकत नाही. तिथे आजही आधार उरतो तो तराजूचा, छापील कोष्टकाचा आणि वेळीच थांबण्याच्या विवेकाचा.