न झालेल्या लढतीचा पंच

परवा रात्री विहाराच्या ओट्यावर पोरांचा वाद पेटला. महंमद अली मोठा की माईक टायसन? एकजण म्हणाला, टायसननं अलीला दोन राऊंडमध्ये आडवा केला असता. दुसरा त्याच्या अंगावरच धावून गेला. अभ्यासवर्ग बाजूला राहिला, मिटिंगचा विषय बाजूला राहिला, तासभर ठोसे. शेवटी माझ्याकडं वळले. काका, तुम्ही सांगा. मी म्हणालो, मी सांगतो, पण माझी जोडी वेगळी. अली विरुद्ध जॅक जॉन्सन. तर पोरं म्हणाली, जॉन्सन कोण?

आता झाली का पंचाईत. ज्या संघटनेनं 1972 साली मुंबईत काळ्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आपलं नाव घेतलं, तिचा वारसा सांगणारी ही पोरं. अलीचा फोटो ह्यांच्या खोलीत. आणि जॉन्सन माहीत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

पण जॉन्सनकडं जायच्या आधी एक गंमत सांगतो. वेगवेगळ्या काळातल्या बॉक्सरांना एकमेकांपुढं उभं करायचा खेळ आपल्या ओट्यावर सुरू झालेला नाही. 1967 साली अमेरिकेत मायामीच्या मरे वोरोनर नावाच्या रेडिओवाल्यानं त्याचा धंदाच केला. सोळा हेवीवेट जगज्जेते घेतले, मेलेले, जिवंत, म्हातारे, सगळे. त्यांचा वेग, ताकद, दम, मार खायची कुवत, सगळ्याचे आकडे बनवले. बॉक्सिंगच्या जाणकारांना विचारून बनवले. ते आकडे कॉम्प्युटरला खाऊ घातले आणि निघालेली लढत रेडिओवर अशी ऐकवली, की जणू रिंगच्या कडेला बसून कुणी सांगतोय.

त्यात अलीचं काय झालं? जिम जेफ्रीजनं त्याला हरवलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि ते साल बघा. 28 एप्रिल 1967 ला ह्यूस्टनमध्ये अलीनं सैन्यात भरती व्हायला नकार दिला. व्हिएतनाममध्ये जाऊन मी माणसं मारणार नाही म्हणाला. त्याचा परवाना काढून घेतला, जगज्जेतेपद काढून घेतलं, जूनमध्ये कोर्टानं पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड ठोठावला. अपील चाललं म्हणून तो बाहेर होता एवढंच. पंचवीस वर्षांचा गडी, एकाही माणसाकडून न हरलेला. रिंगमध्ये त्याला कुणी हरवू शकत नव्हतं म्हणून ऑफिसात हरवला. आणि उरलंसुरलं यंत्रानं हरवला.

अलीनं दहा लाख डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. तो मिटला कसा, तर वोरोनरनं त्यालाच नवीन खेळात घेतलं. रॉकी मार्सियानो विरुद्ध अली. मार्सियानो म्हणजे 49 लढती, 49 विजय, 1956 ला न हरता निवृत्त झालेला गोरा जगज्जेता. 1969 मध्ये दोघांना मायामीच्या स्टुडिओत आणलं. पंचेचाळिशीच्या मार्सियानोनं वजन उतरवलं, टकलावर टोप चढवला. एकेका मिनिटाच्या सत्तरेक फेऱ्या शूट केल्या, शेवट वेगवेगळे शूट केले. कुठला लागणार ते दोघांनाही ठाऊक नाही. अलीला काम नव्हतं, पैसे पाहिजे होते. परवाना काढून घेतलेला जगज्जेता खोटे ठोसे खायला उभा राहिला.

20 जानेवारी 1970 ला थेटरात दाखवलं. मार्सियानो तेव्हा हयात नव्हता, आधीच्या ऑगस्टमध्येच विमान पडून गेला. अमेरिकेतल्या थेटरात मार्सियानोनं तेराव्या राऊंडला अलीला झोपवला. आणि युरोपात काय दाखवलं? तिकडं जखमांमुळं लढत थांबली आणि अली जिंकला! एकच कॉम्प्युटर, दोन निकाल. ज्या गावात जे विकतं ते. हा कॉम्प्युटर अलाबामात बनवलेला दिसतो, असं अली म्हणाल्याचं सांगतात. अलाबामा म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यात एक अलाबामा आहे.

मला यंत्राचा राग नाही. यंत्राला जात नसते. पण आकडे भरणाऱ्याला असते.

आता त्या जेफ्रीजकडं या. हा 1899 ते 1905 जगज्जेता. काळ्याशी लढणार नाही म्हणाला आणि शेतीवर जाऊन बसला. त्याच्या आधी जॉन एल. सलिव्हनचं तेच धोरण. मोजे घालून खेळायच्या बॉक्सिंगमध्ये 1908 पर्यंत एकाही काळ्याला हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत दिली नव्हती. कायदा नव्हता तसा. गरजच नव्हती. पाणवठ्याला कुठं कायदा असतो?

जॅक जॉन्सन, जन्म 1878, गाव टेक्सासमधलं गॅल्व्हस्टन, आईबाप गुलामगिरीत जन्मलेले. 25 फेब्रुवारी 1901 ला त्याच गावात जो चॉयन्स्की नावाच्या अनुभवी ज्यू बॉक्सरनं त्याला तिसऱ्या राऊंडला लोळवलं. लढती बेकायदा होत्या, म्हणून दोघांनाही एकाच जेलात टाकलं. तिथं तीनेक आठवडे चॉयन्स्कीनं ह्याला शिकवलं. ज्यानं पाडलं तोच गुरू आणि जेल हीच तालीम. (बरोबर त्रेसष्ट वर्षांनी, 25 फेब्रुवारीलाच, अली लिस्टनला हरवून जगज्जेता झाला. मी तारखांवर विश्वास ठेवत नाही, पण ही लक्षात राहिली.)

मग जॉन्सन टॉमी बर्न्सच्या मागं लागला. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया. शेवटी 26 डिसेंबर 1908, सिडनी. बर्न्सला तीस हजार डॉलर, जॉन्सनला पाच हजार. चौदाव्या राऊंडला पोलिस मधे पडले आणि कॅमेरेही बंद करायला लावले. गोरा पडताना दिसू नये म्हणून. तिथं हजर असलेल्या जॅक लंडननं, हो, गरिबांच्या बाजूनं लिहिणारा समाजवादी जॅक लंडन, त्यानं जेफ्रीजला हाक घातली की शेती सोड आणि ये. समाजवाद्यांची ही जुनी खोड आहे. आपल्यालाही तिचा अनुभव आहे.

4 जुलै 1910, रेनो. जेफ्रीज शंभरेक पौंड वजन उतरवून आला. पंचेचाळीस राऊंडची लढत ठरलेली, भर उन्हात. जेफ्रीजच्या कोपऱ्यातून माजी जगज्जेता जिम कॉर्बेट शिव्या घालतोय आणि जॉन्सन ठोसे मारता मारता त्याला हसत उत्तरं देतोय. उभ्या आयुष्यात जेफ्रीज कधी पडला नव्हता. पंधराव्या राऊंडला पडला. त्या रात्री अमेरिकेच्या गावागावात काळ्यांवर हल्ले झाले, कित्येकांचे जीव गेले. आपल्याकडं कुणी घोड्यावर बसलं की वरातीवर दगड येतात, तसंच. 1912 मध्ये कायदाच केला, लढतीच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला बंदी. फिल्मची एवढी भीती!

तर जेफ्रीज हा असा. 1910 ला खऱ्या रिंगमध्ये काळ्या माणसाकडून हरला, आणि 1967 ला कॉम्प्युटरमध्ये काळ्या माणसाला हरवून उठला. सत्तावन्न वर्षांनी हिशेब चुकता केला. हेतू होता की नाही ते मला माहीत नाही. तरुणपणचा जेफ्रीज वेगळा होता असंही कुणी म्हणेल. म्हणू दे. तरुणपणी तो लढायला तयार नव्हता, ही गोष्ट कुठल्या आकड्यात भरली होती?

आता माझी लढत. 1908-1910 चा जॉन्सन, 1966 चा अली. त्या नोव्हेंबरात ह्यूस्टनमध्ये त्यानं क्लीव्हलँड विल्यम्सला तीन राऊंडमध्ये संपवला, तो अली. उंची सहा फूट तीन इंच, चोवीस वर्षांचा, पाय जमिनीला टेकत नाहीत असा. जॉन्सन त्याच्याहून थोडा बुटका, वजनानं जवळपास तेवढाच.

जॉन्सनची जुनी फिल्म नीट बघा. तो मारायला जात नाही. समोरच्याला येऊ देतो. ठोसा येतानाच उघड्या पंजानं अडवतो, दंड धरून ठेवतो, मिठीत घेतो आणि खालून अपरकट लावतो. सगळा खेळ समोरच्याच्या रागावर. आणि अली? अली येतच नाही. लांबून डावा हात, टकटकटक, आणि मागं सरकून रिकामा. जॉन्सन ज्याची वाट बघतो ते अली देणारच नाही. दोघं बोलत राहतील मात्र. तोंडाच्या लढतीत बरोबरी.

म्हणून नियम विचारा. 1966 चे नियम, पंधरा राऊंड, रेफरी मिठी सोडवतोय, गुणांवर निकाल, तर अली जिंकतो. माझ्या मनात शंका नाही. पण 1910 चे नियम लावा. पंचेचाळीस राऊंड, हलके मोजे, पडलेला माणूस उठताच त्याच्यावर तुटून पडायची मुभा. अली आयुष्यात पंधरा राऊंडच्या पुढं गेलेला नाही. जॉन्सन सदतीसाव्या वर्षी हवानाच्या उन्हात जेस विलार्डशी सव्वीस राऊंड उभा होता. विसाव्या राऊंडनंतर अलीचे पाय जड होणार, आणि जॉन्सनचा हात त्याच्या दंडावर पडणार. मग मी जॉन्सनवर पैसे लावतो. 1974 चा, किन्शासात दोरखंडाला टेकून फोरमनचे ठोसे झेलणारा अली आणला तर परत गुंता. तो अली जॉन्सनसारखाच झाला होता. त्याच्या कोपऱ्यातला बंडिनी ब्राऊन जॅक जॉन्सनचं भूत बघतंय म्हणून ओरडायचा, ते उगीच नाही. म्हणजे बघा, कोण जिंकणार हे ठोशावर कमी, नियमावर जास्त.

इथं थांबलो असतो तर पोरं खुश झाली असती. पण आणखी एक आहे, ते कडू आहे.

जॉन्सन गादीवर बसला आणि त्यानं दार लावून घेतलं. सॅम लँगफोर्ड, जो जिनेट, सॅम मॅकव्हे, तिघेही काळे, तिघेही तोलामोलाचे. जगज्जेता झाल्यावर एकालाही लढत दिली नाही. काळ्या-काळ्याच्या लढतीला पैसे मिळत नाहीत, हे कारण. एकच काळा त्याच्यापुढं आला, 1913 ला पॅरिसमध्ये जिम जॉन्सन. लँगफोर्डला हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत कधीच मिळाली नाही. पुढं आंधळा झाला, 1944 मध्ये हार्लेमच्या एका खोलीत एका पत्रकाराला सापडला. जॉन्सनला 1913 ला गोऱ्या ज्युरीनं गोऱ्या बाईच्या निमित्तानं दोषी ठरवलं, तो देश सोडून पळाला, 1920 ला परत येऊन जेल भोगला. 2018 मध्ये माफी मिळाली, मेल्यावर बहात्तर वर्षांनी. हा अन्याय खराच. आणि 1915 ला तो हरल्यावर 1937 पर्यंत, जो लुईस येईतो, एकाही काळ्याला परत संधी दिली नाही, हेही खरं. पण लँगफोर्डचा अन्याय कुणाच्या नावावर मांडायचा?

अलीचंही तसंच. बंदीच्या काळात फ्रेझरनं त्याला पैसे दिले, त्याच्यासाठी शब्द टाकला. शेतात राबणाऱ्या काळ्या बापाचा पोरगा. त्यालाच अली गोऱ्यांचा हुजऱ्या म्हणाला, गोरिला म्हणाला. आपण त्याच्यावर हसलो. 1974 नंतर आपले लोक एकमेकांना काय काय म्हणाले, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना मी वेगळं सांगत नाही.

1914 मध्ये डू बॉइसनं क्रायसिसमध्ये लिहिलं होतं की जॉन्सनचा गुन्हा एवढाच, की तो काळा आहे. ह्याच डू बॉइसला बाबासाहेबांनी 1946 च्या जुलैत पत्र लिहिलं. जॉन्सन त्याच्या महिनाभर आधी मोटार अपघातात गेला होता. आणि आपला पळवणकर बाळू? त्याच काळात, 1911 ला, इंग्लंडमध्ये शंभरावर बळी घेणारा चांभाराचा पोर. हिंदू संघाला त्याचा चेंडू चालायचा, पुण्याला चहा मात्र बाहेर मातीच्या भांड्यात. कप्तानपद जातीमुळं नाकारलं. आजच्या फलंदाजांपुढं बाळू कसा चालला असता हा वाद कुणी घालत नाही. त्याचे आकडे कुणी भरत नाही.

ओट्यावर हे सगळं सांगून झालं तेव्हा अकरा वाजले होते. एका पोरानं विचारलं, काका, तुम्हाला एकच लढत बघायला मिळाली तर कुठली बघाल? मी म्हणालो, पीटर जॅक्सन विरुद्ध सलिव्हन. जॅक्सन ऑस्ट्रेलियाचा काळा चॅम्पियन, 1888 ला अमेरिकेत आला. 1891 ला ह्याच कॉर्बेटशी एकसष्ट राऊंड लढला, निकाल लागला नाही. दुसऱ्या वर्षी कॉर्बेटला सलिव्हनची लढत मिळाली आणि तो जगज्जेता झाला. जॅक्सनला मिळाली नाही. 1901 मध्ये क्षयानं मेला.

पोरगा म्हणाला, पण हे दोघं तर एकाच काळातले. मी म्हणालो, तेच.