पाव आणा रत्तल

वसंत व्याख्यानमालेत हिशेबावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे श्रोत्यांपैकी कोणी मनात म्हणेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकापाशी पुष्कळ झाले. ताळेबंद वाचायला शिकलो तेही गरजेपोटी. बोलणी बसली की मालकपक्ष पहिल्याने तोच कागद पुढे सरकवी. त्यातले आकडे बहुधा खरेच असत. ते कशावर मोजले, हे विचारायला मात्र आम्हांस फार वर्षे लागली.

मुंबईच्या गिरण्यांचीच गोष्ट घ्या. कावसजी दावर यांची गिरणी ताडदेवला १८५६ साली चालू झाली. पुढच्या तीसेक वर्षांत गिरण्या वाढल्या, तसे त्यांचा कारभार पाहणारे मॅनेजिंग एजंटही वाढले. भांडवल भागधारकांचे, कारभार एजंटाचा. त्याचा मोबदला पुष्कळ ठिकाणी ठरला तो असा : दर रत्तल सुतामागे पाव आणा. समजा, एखाद्या गिरणीने वर्षात वीस लाख रत्तल सूत काढले, तर एजंटाचे रुपये ३१,२५० झाले. गिरणीला नफा झाला की तोटा, हा प्रश्न त्या हिशेबात येतच नाही. सूत गोदामात पडून राहिले तरी पाव आणा चुकत नाही!

याचा परिणाम काय व्हावा? एका चातीवर बारीक सुतापेक्षा जाड सुताचे वजन दिवसाकाठी अधिक निघते. वजनावर कमिशन असेल तर एजंटाचे मन जाड सुताकडेच ओढ घेणार. मुंबईने त्या काळी जाडेभरडे सूत भरपूर कातले आणि चीनला पाठवले. चीनची मागणी तशीच होती, हे खरे. सारा दोष पाव आण्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण मागणी मंदावल्यावरही चाती थांबवू नयेत, असा मोह त्या कराराने एजंटाच्या खिशातच ठेवला होता, असे आमचे मत आहे. पुढे जपानी सुताने चीनची बाजारपेठ काबीज केली.

जमशेटजी टाटांनी १८८६ साली स्वदेशी गिरणी काढली, तेव्हा उत्पादनावरचे कमिशन सोडून नफ्यावर दहा टक्के घेण्याची रीत घातली. सुधारणा मोठीच. मात्र त्यामुळे भांडण रत्तलावरून नफ्यावर गेले. नफा म्हणजे काय? यंत्राची झीज, म्हणजे घसारा, आधी वजा करायचा की मागाहून? आधी वजा केला तर एजंटाचे कमिशन कमी. न केला तर कमिशन जास्त, आणि यंत्र जुने होईल तेव्हा नवे घ्यायला पैसा नाही. १९३६ च्या कंपनी कायद्याच्या दुरुस्तीने निव्वळ नफ्याची व्याख्या करून त्यात घसारा आधी वजा करायला लावला. एजन्सीची पद्धतच ३ एप्रिल १९७० रोजी संपली.

याच घसाऱ्याचे दुसरे रूप कामगाराने पाहिले. १९५० साली गिरण्यांच्या बोनसच्या तंट्यात लेबर अपेलेट ट्रायब्युनलने सूत्र घातले : नफ्यातून घसारा, कर, भांडवलावर सहा टक्के, आणि शिवाय जुनी यंत्रे बदलण्याची तरतूद वजा करून उरेल त्यातून बोनस. ती तरतूद आजच्या भावाने मोजायची! कित्येक ठिकाणी त्यापुढे शिल्लकच उरेना. १९६५ च्या बोनस कायद्याने ही वजावट काढून टाकली.

आता आमच्या अनुभवातले एक. एका कारखान्यात ओतशाळा तोट्यात दाखवली गेली. तक्ता पाहिला तेव्हा उलगडा झाला. मुख्य कचेरीचे भाडे, साहेबांची मोटार, सारा वरखर्च खात्याखात्याच्या मजुरीच्या प्रमाणात वाटला होता. ओतशाळेत माणसे सर्वांत जास्त. साहजिकच बोजाही तिच्यावर. खाते बंद झाले. भाडे आणि मोटार होती तशीच राहिली. पुढल्या वर्षी तो खर्च मशीनशॉपवर पडला आणि तेही खाते तोट्यात दिसू लागले. त्या वर्षीच्या मागणीपत्रात पगारवाढीच्याही वर, पहिले कलम म्हणून, आम्ही खर्चवाटणीचा तक्ता मागितला.